फोटो तात्याचा, नाव तुझं

दिल्या, बुधवारपासून शनिवारपर्यंत विठ्ठलवाडीच्या नाक्यावर तुझ्या नावावर तात्या हसत होता. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मंडळाने लावलेला. खाली तुझं नाव, रविवारच्या पुण्यानुमोदनाची वेळ, विहाराचा पत्ता, शोकाकुल म्हणून अख्ख्या मंडळाची नावं, दोन्ही कोपऱ्यांत मेणबत्त्या, सगळं यथासांग. आणि मधोमध मेक्सिकोचा एक निवृत्त फुटबॉलपटू मिशीतल्या मिशीत हसतोय.

बुधवारी सकाळी मी डोंबिवलीहून वहिनींना भेटायला आलो, तेव्हा पहिल्यांदा मलाही कळलं नाही. मंगळवारी तुला पोचवून आल्यापासून डोळे धड काम करत नव्हते. रिक्षातून उतरलो, फ्लेक्ससमोर हात जोडले, आणि मग मनात आलं की दिल्याने हा हिरवा टी-शर्ट कधी घेतला. पुन्हा वर बघितलं. तात्या.

फ्लेक्सवाला बंटी तिथेच दुकानात बसलेला. म्हणाला, "काका, दिलीपकाकांच्या डीपीवरून घेतला. एचडी होता एकदम." त्याची तरी काय चूक? तू कित्येक वर्षं डीपीला त्या माणसाचा फोटो ठेवलास, त्याच्यासारखी मिशी ठेवलीस, पोटही त्याच्याच मापाने वाढवलंस. तुझ्या अंबरनाथच्या कंपनीतले दोघंतिघं फ्लेक्ससमोर उभे होते. त्यातला एक म्हणाला, "फोटो मस्त आलाय दिलीपचा." मी मान डोलावली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना तात्या कोण ते सांगायला हवं. तुझ्यासमोर तुझ्याच तात्याबद्दल मी बोलणार आणि तू मधे तोंड घालणार नाहीस, हे मला जरा जडच जातंय.

तात्या म्हणजे मेक्सिकोचा मधल्या फळीतला खेळाडू. खरं नाव लांबलचक. बापाचं आडनाव, आईचं आडनाव, वर एका संताचं नाव. आपल्या दोघांना ते कधी धड म्हणता आलं नाही. आपण विशीत होतो, वर्ल्डकपच्या मॅचेस सावंतांच्या खोलीत दाटीवाटीने बसून बघायचो. तेव्हा हा बुटका, रुंद, मिशीवाला गडी पडद्यावर दिसला आणि तू म्हणालास, "हा बघ, नळावरचा तात्या." आपल्या चाळीत नळाशेजारच्या पायरीवर बसून सगळ्यांच्या बादल्यांचे नंबर लावणारे एक तात्या होते. ते जागचे न हलता अख्खी चाळ हलवायचे, आणि हाही जागचा न हलता अख्खी टीम हलवत होता. नाव पडलं ते पडलं.

तो पळायचा नाही, हे मी आजही म्हणणार. बॉल आला की त्यावर एक पाय ठेवायचा, मंडईत भेंडी निवडायला आल्यासारखं इकडेतिकडे बघायचा, आणि मग असा पास द्यायचा की ज्याला मिळाला त्यालाच तेव्हा कळायचं की आपण मोकळे आहोत. समुद्रकाठच्या एका बंदराच्या गावात जन्मला आणि तिथल्याच क्लबाकडून खेळला. क्लब काही मोठा नव्हता. मधूनमधून खालच्या गटात घसरायचा, तात्या त्याच्याबरोबर घसरायचा, मग सगळे मिळून परत वर चढायचे. देशाकडून एकच वर्ल्डकप खेळला. त्यात एक गोल मारला, जो तू मला कांदेपोह्याच्या बशीत शेंगदाणे मांडून दाखवायचास. मेक्सिको ज्या मॅचमध्ये बाहेर पडला तिच्यात त्याला शेवटी बाकावर बसवलं. पुढच्या वर्ल्डकपला तर घेतलंच नाही, आणि त्याच्या गावात म्हणे लोकांनी दुकानं बंद ठेवली.

या सगळ्याच्या मधे युरोपातल्या एका बड्या क्लबाने त्याला नेलं होतं. गाजावाजा झाला, विमानतळावर हारतुरे झाले. आणि अर्धा सीझनही संपला नव्हता तोवर तात्या बॅग उचलून परत आपल्या बंदरात. का आला ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. पत्रकारांनी विचारलं तर म्हणायचा, आता जेवणाची वेळ झाली.

आपलं भांडण तिथेच सुरू झालं. मी म्हणायचो, पळाला. तू म्हणायचास, परत आला. मी म्हणायचो, तिकडे टिकला असता तर जगातल्या पहिल्या दहांत गेला असता. हा आळशी, याला गावातला मान सोडवेना. तू म्हणायचास, तुला काय कळतंय, तू डिफेन्सला खेळायचास, बॉल दिसला की लाथ मारायची एवढंच तुझं फुटबॉल. एवढी वर्षं आपण हे दळण दळलं. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, मी डोंबिवलीला गेलो, तू विठ्ठलवाडीतच राहिलास, केस गेले, साखर आली, पण रविवारी सकाळी मैदानावर पाय ठेवला की पळाला की परत आला, हे पहिलं.

आणि आपल्याला दोघांनाही माहीत होतं की हे भांडण नुसतं तात्याचं नव्हतं. तुला त्याच सुमाराला गोव्याच्या एका कंपनीच्या टीमने बोलावलं होतं. नोकरी, राहायला खोली, खेळायला रोज गवताचं मैदान. इथे आपण खडीवर गुडघे सोलत होतो. चाळीने तुला निरोप दिला, तुझ्या आईने डबा भरून चिवडा दिला, मी तुझी ट्रंक स्टेशनपर्यंत डोक्यावर नेली. दिवाळीच्या आत तू परत. ट्रंक तीच, चिवड्याचा डबा रिकामा. तुझे वडील आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. मग तू अंबरनाथला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागलास आणि तिथूनच रिटायर झालास. का आलास, ते तू सांगितलं नाहीस आणि मीही थेट विचारलं नाही. गोव्याचा विषय काढायचा झाला की आपण तात्याचा काढायचो.

मला राग यायचा रे. तात्याचा नाही, तुझा. तुझ्या पायात जे होतं ते आपल्या अख्ख्या कल्याण पट्ट्यात कुणाच्या पायात मी बघितलं नाही. आजच्यासारखं तेव्हा कुणी मोबाइलवर शूट करत नव्हतं, म्हणून ते आता फक्त आम्हा पाचसहा म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि आमची डोकी आता फारशी भरवशाची नाहीत. तुझ्यासारखा माणूस पॅकिंग सेक्शनमध्ये खोकी मोजतो, याचा मला शेवटपर्यंत त्रास झाला. तुला झाला नाही. किंवा झाला असेल तर दाखवला नाहीस.

तात्याची खरी गंमत तो निवृत्त झाल्यावर सुरू झाली, हे मात्र मला मान्य करावं लागलं. मैदानावरचा माणूस चारदोन वर्षांत विस्मरणात जातो. हा गेलाच नाही. त्याच्या गावात भिंतींवर त्याची चित्रं, त्याला खेळताना न पाहिलेली पोरं त्याच्या नंबरचा टी-शर्ट घालून फिरतात. तो स्टेडियममध्ये मॅच बघायला आला की लोक खेळ सोडून त्याच्याकडे वळून बसतात. निवडणुकीला उभा राहा म्हणून पुढारी त्याच्या दारात गेले, तर त्याने त्यांना मासे खायला घालून परत पाठवलं. वर्षातून एकदा म्हाताऱ्या खेळाडूंची मॅच होते, तिला खऱ्या मॅचपेक्षा गर्दी. हे सगळं तू मोबाइलवर भाषांतर करकरून वाचायचास आणि सकाळी मला कळवायचास. तात्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तात्याला नात झाली. मी चहा घेत असायचो आणि बायको विचारायची, कुणाला झाली नात? काय सांगणार तिला?

मी तुला म्हणालेलो, लोकप्रिय असणं वेगळं आणि मोठं असणं वेगळं. तर तू म्हणालास, "अरे, जिंकणाऱ्याचे लोक फोटो लावतात. ह्याच्याबरोबर ते हरलेत. ज्याच्याबरोबर हरलो त्याला माणूस सोडत नाही." मी म्हणालो, हे तू कुठेतरी वाचलंस. तू म्हणालास, "नाय रे, आपल्या टीमकडे बघून सुचलं."

आपल्या टीमकडे बघून सुचण्यासारखं होतंच. पन्नाशीपुढचे गडी, कुणाला स्लिपडिस्क, कुणाला बायपास, आणि तू केलेला तो नियम, की गेल्या रविवारी ज्याला शेवटी निवडलं त्याने या रविवारी टीम पाडायची. त्यामुळे दर आठवड्याला सगळ्यात वाईट खेळणारा माणूस कॅप्टन. दुसरीकडे कुठे असं ऐकलंय का कुणी? आणि त्यातही तांबेने कॅप्टन झाला की सगळ्यात आधी तुला घ्यायचं, म्हणजे बॉल तुझ्याच पायात राहणार, तुलाही पळायला नको आणि गोलमध्ये त्यालाही.

आपल्या दोघांचा अजून एक अलिखित नियम होता. भांडण पुरं करायचं नाही. चहा संपला, शिट्टी वाजली, कुणाचा फोन आला, की एकाने उठून चालू पडायचं. पुरं झालं असतं तर पुढच्या रविवारी बोलणार काय? गेल्या रविवारी उठायची पाळी माझी होती. तू बोलत होतास आणि मी पाठ फिरवून बाटली भरायला गेलो. मंगळवारी सकाळी दाढी करता करता तू वहिनींना हाक मारलीस आणि मग दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीस.

आता या फ्लेक्सचं काय झालं ते ऐक, तू असतास तर पोट धरून हसला असतास. कुणीतरी त्याचा फोटो काढून नेटवर टाकला. गंमत म्हणूनच टाकला असणार. तो फिरत फिरत मेक्सिकोत तात्याच्या चाहत्यांच्या पानावर गेला. त्यांना मराठी येत नाही, पण फुलं, मेणबत्त्या आणि मधे तात्या, एवढ्यावरून जगात कुणालाही काय कळायचं ते कळतं. झालं. रडारड. बायाबापड्यांनी तिकडे म्हणे त्याच्या दारात फुलं नेऊन ठेवली. तुझ्या लेकीने, नेहाने, मला ते सगळं वाचून दाखवलं, भाषांतर करून, अगदी तुझ्यासारखं. शेवटी त्याच्या मुलीने लिहिलं की बाबा ठणठणीत आहेत, आत्ता मासे तळतायत, आणि हा भारतातला माणूस कोण ते कृपा करून कुणी सांगेल का. त्याखाली माणसं लिहीतच होती, थांबतच नव्हती. तो बूट काढून बसल्याला कितीतरी वर्षं झाली दिल्या, आणि एका चुकीच्या फ्लेक्सवर त्या गावाने रात्रीचा दिवस केला. त्या मुद्द्यावर तू जिंकलास. मोठा असेल नसेल, लोकांनी त्याला सोडलेलं नाही.

वहिनींना यातलं काहीही गोड लागलं नाही. फ्लेक्सवर आधी तुझ्या नावामागे 'कै.' छापलेलं, ते त्यांनी बघता क्षणी बंटीला सांगितलं, आपल्यात कालकथित लिहितात, आणि त्याने वर पट्टी चिकटवली. फोटोचं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. गुरुवारी मी गेलो तेव्हा पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तो माणूस माझ्या लग्नाच्या आधीपासून माझ्या संसारात आहे. नेहाच्या नामकरणाच्या दिवशी हे सायबर कॅफेत, का तर तो रिटायर झाला. मी कधी काय बोलले नाही. वाईट नाद नव्हता, दारू नव्हती, म्हटलं असू दे. पण रविवारी लोक विहारात येतील ते माझ्या नवऱ्यासाठी येतील ना? मग मला माझ्या नवऱ्याचा चेहरा पाहिजे तिथे. त्या तात्याचा नको."

मी म्हणालो, त्यात काय वहिनी, आणतो. मला वाटलं तासाभराचं काम. तुझ्या घरात भिंतीवर होता तो तुमच्या लग्नातला, त्यात तुला ओळखेल कोण? कंपनीचं ओळखपत्र काढलं, त्यावर वहिनीच म्हणाल्या, हा तर पाकीटमार वाटतो. आधारचा फोटो मी बघितला आणि परत ठेवला. मग नेहाला फोन केला, ती म्हणाली, काका, बाळकुमला या, माझ्याकडे सगळे अल्बम आहेत आणि क्लाउडवर पण आहे.

शुक्रवारी गेलो. तिच्या टॉवरच्या खाली वॉचमनने माझी चौकशी केली, फोटो काढला, कुणाकडे, कशाला. माझा फोटो निघाला एका मिनिटात. वर नेहा जमिनीवर अल्बम पसरून बसलेली, डोळे सुजलेले. लहानपणी तिला वाटायचं म्हणे की तात्या हे तिचे खरे काका आहेत आणि लांब राहतात म्हणून येत नाहीत. आम्ही दोघं बघत बसलो. तुझे फोटो ढिगाने होते दिल्या, असं नाही की नव्हते. पण एकाही फोटोत तू समोर बघत नव्हतास. टीमच्या फोटोत तू शेवटच्या माणसाला हाताने आत ओढतोयस. माथेरानला तू वहिनींची पर्स बघतोयस, माकडाने नेऊ नये म्हणून. नेहाच्या लग्नात तिचा हात हातात आहे आणि तुझी मान वळलेली जेवणाच्या टेबलाकडे, भात पुरेल ना म्हणून. उरलेल्या फोटोंत तू नाहीसच, कारण ते काढलेस तू.

नेहा म्हणाली, "काका, बाबा कधी कॅमेऱ्यात बघायचेच नाहीत का?" मी म्हणालो, सगळे आलेत की नाही ते बघायचा. ती रडायला लागली, आणि मी अल्बम पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतला.

त्या संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून मला तुझा मनस्वी कंटाळा आला. खरं सांगतो. म्हटलं, हा माणूस मेल्यावरही मला दमवतोय. आयुष्यभर ह्याच्या मागे मी पळालो आणि हा एका जागी उभा. माझे गुडघे दुखत होते, पोटात दुपारपासून काही नव्हतं, आणि मला कुणाशीतरी कडाकडा भांडावंसं वाटत होतं. ज्याच्याशी भांडतो त्याचाच फोटो मिळत नव्हता.

शनिवारी सकाळी बायकोने आठवण केली. "ते तुमचे तांबे व्हिडिओ काढत असतात ना दर रविवारी?" तांबे म्हणजे आपला गोलकीपर. मैदानावर उभं राहून राहून कंटाळतो म्हणून गोलच्या खांबाला मोबाइल बांधतो, मधल्या वेळात हातात घेऊन फिरतो, आणि तासतासाचे व्हिडिओ ग्रुपवर टाकतो. तो ग्रुप आम्ही सगळ्यांनी म्यूट केलेला. मी फोन केला. तो म्हणाला, "ग्रुपवर बघ की, आहेत सगळे." मी बघितलं तर जागा भरली म्हणून माझ्या मोबाइलने ते उतरवून घेतलेच नव्हते. "मग ये टिटवाळ्याला," तांबे म्हणाला. "माझे व्हिडिओ कोण उघडत नाय ते मला माहितेय."

तांबेच्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट अजून सुरू झालेली नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझा दम गेला. त्याने गॅलरीत खुर्च्या टाकल्या, बायकोने थालीपीठ दिलं, आणि आम्ही गेल्या रविवारचा व्हिडिओ लावला. बराच वेळ नुसतं मैदान. मग पाठमोरे पाय. मग तांबेचा अंगठा. मग मध्यंतर, दगडावर बसलेला तू, मोजे खाली केलेले, आणि तुझ्या पुढ्यात मी, हातवारे करतोय. आवाज ऐकू आला माझाच. "पळाला तो. शंभर वेळा सांगितलंय, पळून आलेला." तू काहीतरी म्हणायला तोंड उघडलंस आणि मी बाटली घेऊन चालू पडलो. मग मी चौकटीबाहेर गेलो. तांबे मोबाइल घेऊन तुझ्याजवळ आला.

त्याचा आवाज आला, "पण दिलीप, खरं सांग ना. तू का परत आलेलास गोव्यावरून?"

मी तांबेकडे बघितलं. तो म्हणाला, "तू पाणी भरायला गेलेलास. मी आपलं सहज विचारलं."

मी ज्या बाजूला गेलो होतो त्या बाजूला बघत राहिलास. मग म्हणालास, "माणसं चांगली होती रे तिकडची. मैदान चांगलं, जेवण चांगलं. मी चुकलो तरी कोणी काय बोलायचं नाय. मॅच संपली की जो तो आपल्या खोलीत." तू मोजा वर ओढलास. "मी एकदा असा घाण पास दिला ना, गोलच झाला आपल्यावर. म्हटलं, आता शिव्या पडणार. तर सगळे म्हणाले, होतं असं. त्या दिवशी मला कळलं, इकडे आपलं जमणार नाय. भांडायलाच कोण नव्हतं."

आणि मग तू हसलास. कॅमेऱ्याकडे बघून नाही, दूर माझ्या पाठीकडे बघून. पण चेहरा पूर्ण समोर, ऊन तोंडावर, एक भुवई वर, मध्या, पुढच्या रविवारी तुला कसा धरतो बघ, असा. एवढी वर्षं मी जो तोंडाला तोंड देत बघत आलो तो चेहरा.

तांबेने व्हिडिओ थांबवला. मला तुझा राग आला, गोव्यातून परत आलास त्या वेळपेक्षा जास्त. हे मला सांगायला काय झालं होतं तुला? मी आयुष्यभर समजत राहिलो की तू घाबरलास, तुझं वाया गेलं, आणि मी त्याची हळहळ तुझ्या वतीने वाहिली. तुला तर हवं ते मिळालेलं होतं. रोज पाव घ्यायला जावं तसा तू दर रविवारी ते घेऊन घरी जात होतास. तुझे आभार मानायचे की तुला शिव्या द्यायच्या, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तांबेने तेवढाच चेहरा उचलून मला पाठवला, मी वहिनींना. फोन आला. त्यांनी विचारलं, "कुणाकडे बघतायत?"

"माझ्याकडे वहिनी. म्हणजे मी चाललेलो, माझ्या पाठीकडे."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या. "जेवताना तुमच्याशी फोनवर भांडायचे तेव्हा असेच दिसायचे. हाच लावा. विहारातपण हाच."

बंटीने संध्याकाळपर्यंत नवा फ्लेक्स छापून दिला. त्याने विचारलं, "काका, ह्यात ते एवढे हसतायत, चालेल ना?" म्हटलं, चालेल. तात्याचा फ्लेक्स त्याने काढून गुंडाळी केली, ती वहिनींनी आत मागून घेतली. म्हणाल्या, आता कुठे टाकणार त्याला, राहू दे पलंगाखाली. मेक्सिकोतल्या त्या मुलीला नेहाने उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, ते तुमच्या घरातलं.

मी नाक्यावर फ्लेक्स चढेपर्यंत थांबलो. बंटी शिडीवर, मी खाली शिडी धरून. तो दोऱ्या आवळत होता आणि तू वरून माझ्याकडे तसाच बघत होतास, भुवई वर करून. बाजूने रिक्षा जात होत्या, कुणी थांबत होतं, हात जोडत होतं, यावेळी तुलाच. मी दमून गेलो होतो, पण घरी जावंसं वाटेना. उद्या रविवार. उद्या विहारात जायचं आहे, मैदानावर नाही. आणि त्याच्या पुढच्या रविवारी मैदानावर जाऊन काय करायचं, मला माहीत नव्हतं.

मग मी तुझ्याकडे बघून म्हणालो, जरा मोठ्यानेच, "तुझा तात्या पळूनच आलेला."

बंटीला वाटलं मी त्याच्याशी बोलतोय. शेवटची गाठ मारून तो शिडीवरून उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "असेल काका. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

मंगळवारपासून मी रडलो नव्हतो दिल्या. तिथे रडलो.